कोंबडीच्या वाट्याची माती

परसदारी चार कोंबड्या बाळगणारा गृहस्थ त्यांच्या दाण्याची, पाण्याची आणि रात्रीच्या खुराड्याची तजवीज न चुकता करतो, मांजर-मुंगुसांपासून त्यांना जपतो, आणि इतके केल्यावर आपले कर्तव्य पुरे झाले असे मानतो. परंतु या पक्ष्याची आणखी एक गरज आहे, जी पूर्वी अंगण आपोआप भागवीत असे म्हणून कोणाच्या हिशेबात कधी आली नाही, आणि आता अंगणाला फरशी व परसाला कोबा आला तरीही येत नाही. ती गरज कोरड्या, भुसभुशीत मातीची. कोंबडी पाण्याने न्हात नाही, धुळीने न्हाते. आणि ही धूळ तिला मिळवून देणे पाळणाऱ्यावर दाण्यापाण्याइतकेच बंधनकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारच्या उन्हातला हा विधी एकदा तरी बारकाईने पाहावा. कोंबडी प्रथम पायांनी माती उकरून उथळ खळगा करते, चोचीने आजूबाजूची धूळ अंगाशी ओढून घेते, मग त्यात बसून सारी पिसे फुलविते आणि पंख व पाय झपाझप हलवून ती धूळ पिसांच्या मुळांपर्यंत पोचविते. एका कुशीवर कलून डोके आणि मान जमिनीला घासते, पाय ताणून, डोळे अर्धवट मिटून निपचित पडते, आणि सुमारे अर्ध्या तासाने उठून सर्वांग असे झाडते की भोवती धुरळ्याचा लोट उठतो. साधारणतः एक दिवसाआड हा क्रम चालतो.

त्यामागचे कारण शरीरधर्माचे आहे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल कोंबडी चोचीने पिसांना लावते; ते शिळे होऊन साचले की पिसे चिकटतात आणि आतली लव दबते. कोरडी धूळ हे फाजील तेल शोषून घेते आणि उवांसारख्या परोपजीवींनाही आवर घालते. ही वृत्ती किती खोलवर रुजलेली आहे हे पाहावयाचे असेल, तर उबवणी यंत्रातून निघालेली, आई कधी न पाहिलेली पिल्ले पाहावीत. तीही थोड्याच दिवसांत धुळीत लोळू लागतात. जाळीच्या पिंजऱ्यात जन्म काढणारी कोंबडी तर मातीचा कणही नसताना उघड्या तारांवर बसून तेच सारे हावभाव करते, आणि दीर्घकाळ वंचित राहिलेली कोंबडी माती मिळताच अधिक वेळ न्हाते, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. जी भूक अशी साठत जाते तिला चैन म्हणणे न्यायाला धरून नाही.

युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशान्वये १ जानेवारी २०१२ पासून जुन्या पद्धतीचे बॅटरी पिंजरे बंद केले, आणि सुधारित पिंजऱ्यातही टोचण्या-उकरण्याजोगा थर सक्तीचा केला. आपल्याकडे प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा गुन्हा मानतो. तथापि परसातल्या कोंबड्यांसाठी कायद्याच्या बडग्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण जे द्यावयाचे ते जवळजवळ फुकट आहे.

दोन फूट लांब, दीड फूट रुंद व फूटभर उंच असा लाकडी खोका, त्यात सहा इंच बारीक कोरडी माती व वाळू, आणि चुलीतली चाळलेली, पूर्ण निवालेली लाकडाची राख ओंजळभर, एवढ्यावर काम भागते. दगडी कोळशाची किंवा प्लास्टिक जाळलेली राख, कळीचा चुना अथवा कीटकनाशकाची भुकटी त्यात कदापि घालू नये. लाकडाची राखही बेताचीच असावी, कारण कोंबडीची श्वसनेंद्रिये नाजूक असतात. खरी कसोटी पावसाळ्याची. कोकणात मृगाच्या सरी सुरू झाल्या की चार महिने कोरडी धूळ दुर्मिळ होते, उवा मात्र बारमाही असतात. सबब वैशाखातच पोते-दोन पोती माती चाळून, उन्हात तापवून ठेवावी आणि खोका पडवीत, पागोळ्यांपासून दूर मांडावा.

धुळीने सर्व व्याधी टळतात असा दावा मी करीत नाही. दिवसा खुराड्याच्या फटींत दडून रात्री रक्त पिणाऱ्या बारीक तांबड्या किडींसाठी खुराडेच साफ करून फटी बुजवाव्या लागतात, आणि अंगावर उवा माजल्या तर पशुवैद्यालाच गाठावे लागते. पण रोजची निगा कोंबडी स्वतः राखू शकते, तिला साधन मात्र हवे. राज्याचा पशुसंवर्धन विभाग अनुदानावर २५ तलंगा व ३ नर असे गट वाटतो. त्या खर्चात रात्रीचा निवारा आणि खाद्याची भांडी धरली जातात. त्याच यादीत धुळीचा खोका एक नग म्हणून नमूद व्हावा, आणि लसीकरणासाठी गावोगाव जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्याचीही चौकशी करावी. शासन हे करील तेव्हा करो; ज्याने आपल्या सोयीसाठी अंगण फरशीबंद केले, त्याने त्याच अंगणाचा एक कोपरा कोंबडीला मोकळा करून देणे हा उपकार नव्हे, ती हिरावून घेतलेल्या गोष्टीची वाजवी भरपाई आहे.