देज : भेट की कर्ज?

विवाह हा दोन व्यक्तींमधील करार की दोन कुळांमधील संबंध, हा वाद जुना आहे. पूर्व आफ्रिकेतील युगांडात, विशेषतः तेथील बुगांडा या जुन्या राज्याच्या प्रदेशात, या वादाचे उत्तर एका दिवसाच्या सोहळ्यात दिले जाते. त्याचे नाव ‘क्वांजुला’, म्हणजे ‘ओळख करून देणे’. वरपक्षाची मंडळी वधूच्या पित्याच्या अंगणात येतात, कुळाची विचारपूस होते, भेटवस्तू स्वीकारल्या जातात आणि वधूकडील मंडळींनी होकार दिला की रूढीच्या दृष्टीने विवाह ठरतो. चर्चमधील लग्न पुष्कळदा त्यानंतर होते; कित्येकांच्या बाबतीत ते होतही नाही. 1973 च्या एका कायद्याने रूढीप्रमाणे झालेल्या विवाहांच्या नोंदणीची सोय केली असल्यामुळे या सोहळ्यास सरकारदरबारीही अर्थ आहे.

सोहळ्याचा थाट मोठा रंजक असतो. दोन्ही पक्ष समोरासमोरच्या मांडवांत बसतात. वर स्वतः बोलत नाही. दोन्ही बाजूंचे बोलके प्रतिनिधी एकमेकांना कोडी घालतात, चिमटे काढतात आणि चुकलेल्यास लटका दंडही करतात. वधूची ‘सेंगा’, म्हणजे आत्या, ही या दिवसाची मानकरी. पाहुण्यांच्या गर्दीतून वराला ओळखून पुढे आणण्याचे काम तिचे. वराचे कूळ कोणते, हे जाहीरपणे विचारले जाते. कारण बुगांडातील प्रत्येक कुळाला एखाद्या प्राण्याचे वा वनस्पतीचे चिन्ह असते आणि एकाच चिन्हाच्या कुळांत विवाह निषिद्ध असतो. ज्या मराठी कुटुंबांत सोयरीक जुळवताना आधी देवक विचारले जाते, त्यांना ही चौकशी परकी वाटणार नाही. मग फळे, मांस, साखर यांच्या टोपल्या येतात. आत्येला व आईला वस्त्रे मिळतात, आणि वधूच्या भावाला कोंबडा द्यावाच लागतो.

या दिवशी स्त्रिया जो टोकदार खांद्यांचा, कमरेला रुंद पट्टा बांधलेला पायघोळ पोशाख घालतात, त्याला ‘गोमेसी’ म्हणतात. हा शब्द मूळचा आफ्रिकी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दुकान थाटलेल्या गोमिश आडनावाच्या गोमंतकीय शिंप्यावरून तो रूढ झाला. 1972 मध्ये इदी अमीन यांनी आशियाई लोकांना नव्वद दिवसांच्या मुदतीत देशाबाहेर घालवले. गोमंतकीयही गेले, पण गोमेसी राहिली, आणि आज ती बुगांडाच्या परंपरेचे प्रतीक मानली जाते. ‘परंपरा बदलता येत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी या वस्त्राकडे एकदा पाहावे. जी रूढी परक्या शिंप्याची कात्री पचवू शकते, ती न्यायाचा एखादा टाकाही सहज पचवू शकेल.

हा टाका कोठे घालावयाचा? वराने वधूच्या घरी द्यावयाच्या संपत्तीला मराठीत ‘देज’ असा नेमका शब्द आहे. बुगांडात त्याचे स्वरूप मुख्यतः भेटवस्तूंचे आहे. नैऋत्येकडील आंकोले आणि ईशान्येकडील करामोजा या पशुपालक भागांत ते गुरांच्या रूपाने दिले जाते. देजाचे समर्थक म्हणतात की, हे कन्येचे मूल्य नव्हे, तिला वाढवणाऱ्यांविषयीची ती कृतज्ञता आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. हुंड्यापायी मुलीचा बाप कर्जबाजारी होताना ज्या समाजाने पाहिले आहे आणि 1961 चा हुंडाबंदी कायदा असूनही ज्याला ही प्रथा उखडता आलेली नाही, त्याला तर युगांडाकडे नाक मुरडून पाहण्याचा मुळीच अधिकार नाही. महाराष्ट्रातही अनेक जातींत एकेकाळी देज होते. वरच्या मानल्या गेलेल्या जातींचे अनुकरण करण्याच्या भरात त्यांतील कित्येकांनी देज टाकले आणि हुंडा उचलला.

तथापि संपत्ती कोणत्या दिशेने वाहते, हा खरा प्रश्न नव्हेच. ती परत मागता येते काय, हा खरा प्रश्न आहे. भेट आणि कर्ज यांत फरक असतो तो परतफेडीच्या अटीचा. युगांडातील अनेक समाजांत अशी रूढी होती की, स्त्रीला पतीचे घर सोडावयाचे असेल तर तिच्या माहेराने देज परत केले पाहिजे. तोवर विवाह मोडला असे मानले जात नसे. आता माहेरी आलेली गुरे गोठ्यात थोडीच उभी असतात? ती बहुधा तिच्याच भावाच्या लग्नात दुसऱ्या घरी गेलेली असतात. मग मार खाऊन दाराशी आलेल्या मुलीला बाप परत पाठवतो, तो काही नेहमीच पाषाणहृदयी असतो म्हणून नव्हे. त्याच्यापाशी फेडावयास काही नसते म्हणून. कर्ज पुरुषांनी पुरुषांना दिलेले आणि तारण मात्र स्त्री, असा हा व्यवहार होता.

तोरोरो येथून काम करणाऱ्या ‘मिफुमी’ या स्त्रियांच्या संस्थेने हा प्रश्न न्यायालयात नेला. 2010 मध्ये तेथील घटना न्यायालयाने तिच्या विरुद्ध निर्णय दिला. परंतु ऑगस्ट 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, देज देणे-घेणे घटनाबाह्य नसले तरी विवाह मोडताना ते परत मागणे घटनाबाह्य आहे. 1995 च्या युगांडाच्या संविधानाने विवाहात व विवाहविच्छेदातही स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले आहेत, त्याला हे धरूनच होते. काहींना हा निर्णय अर्धवट वाटला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्याने नेमक्या मर्मावर बोट ठेवले. परतफेडीची अट निघाली की कर्जाची भेट होते, आणि तारण मोकळे होते.

पण निकालपत्र खेड्यातल्या अंगणापर्यंत आपोआप चालत जात नाही. विवाह व घटस्फोटाचे सर्वंकष विधेयक 2009 मध्ये मांडले गेले. 2013 मध्ये त्यावर गदारोळ झाला आणि ते बाजूला पडले. शिवाय ज्यावर न्यायालयाची मात्रा चालत नाही असा दुसरा रोग आहेच, तो म्हणजे प्रतिष्ठेचा. शहरांत लग्नाआधी मित्र-नातलगांच्या बैठका भरतात आणि प्रत्येकाने किती रक्कम द्यावयाची, याचे आकडे मांडले जातात. महाराष्ट्रातील आहेराच्या वहीसारखीच ही परस्पर साह्याची पद्धत आहे, आणि तेवढ्यापुरती ती स्तुत्यही आहे. परंतु साह्याची रक्कम मंडप, ध्वनिक्षेपक आणि गाड्यांच्या ताफ्यावर उधळली जाऊ लागली की साह्याचे स्पर्धेत रूपांतर होते. ज्या तरुणाला ही स्पर्धा झेपत नाही तो सोहळा लांबणीवर टाकतो, आणि त्याच्याबरोबर संसार करणारी स्त्री समाजाच्या लेखी अविवाहितच राहते.

सोहळ्यातील खरा आनंद खर्चाचा नसतोच. भाड्याच्या गाडीत दाटीवाटीने बसून कंपालाहून खेड्याकडे निघालेले मित्र, वाटेतली गाणी, चुलत्या-मावश्यांची भेट, आत्येचा रुबाब आणि प्रतिनिधींची जुगलबंदी, यांपैकी कशालाही फारसे मोल पडत नाही. साक्षीदारांसमोर दोन कुळांनी एकमेकांना ओळखणे, हा या विधीचा गाभा आहे. बाकीचे सारे आवरण होय. गाभा जपावा, परतफेड विसरावी आणि आवरण ऐपतीप्रमाणे बेतावे, एवढे शहाणपण बुगांडाला अवघड जाऊ नये. आणि देज सोडून हुंड्याकडे वळलेल्या समाजानेही स्वतःला एक प्रश्न विचारावा. जो व्यवहार मोडावयाचा म्हटला तर किंमत स्त्रीलाच चुकवावी लागते, त्याला संस्कार म्हणावयाचे ते कोणत्या तोंडाने?