गप्प पोरगा आणि 'नॉर्मल' शेरा

शिक्षक मित्रहो, हजेरीला 'उपस्थित' म्हणून मग दिवसभर तोंड न उघडणारं एखादं मूल तुमच्या वर्गात आहे का? माझ्या चौथीत होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याच्या वडिलांनी कर्जापायी आत्महत्या केली. सुट्टीनंतर पोरगा रोज यायचा, खिचडीच्या ताटात नुसती बोटं फिरवायचा. 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून मी त्याला दोनदा रागावले, हेही कबूल करते. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात पियाजेच्या अवस्था पाठ केल्या होत्या. बाप गेलेल्या मुलाशी काय बोलायचं, ते कुणी शिकवलंच नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं. त्यांच्या यादीत वर्तनाच्या आणि शिकण्याच्या अडचणीही असतात. पण एका दिवसात दीडशे पोरं! वजन, उंची, डोळे, दात झाले आणि शेरा पडला 'नॉर्मल'. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी आपुलकीने ऐकलं आणि म्हणाले, "जिल्हा रुग्णालयात न्या."

जिल्हा सत्तर किलोमीटर. आईची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं वेगळं. त्यात आजी म्हणाली, "मॅडम, येड्याच्या डॉक्टरकडं नेलं तर गाव काय म्हणल?" २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे. पण हा हक्क गाठायला आमच्या गावातून सकाळची एकच गाडी!

शेवटी शाळा सुटल्यावर आईला ऑफिसात बसवून टेली-मानसला, १४४१६ वर, फोन लावला. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. पोरगा गप्पच राहिला, आई मात्र पहिल्यांदा मोकळी रडली. आठवड्याने तीच म्हणाली, "जाऊ या जिल्ह्याला."

फोन कामाचा आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. समुपदेशक महिन्यातून एकदा तरी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसला पाहिजे, हे शिक्षण परिषदेत आपणच मांडायला हवं. ऑनलाइन माहितीवर आपण तासभर बोलतो ना? आणि पथक आलं की अशा मुलांची नावं आधीच कागदावर लिहून हातात द्या. मात्र सगळ्यांदेखत नको.

मी एक किरकोळ रजा टाकून त्या दोघांना घेऊन गेले. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. पुढच्या वेळी सोबत कोण जाणार, ते अजून ठरलेलं नाही.