कोळंबी आधी बांधावर बिघडते

कोळंबी साफ करणे हा चुलीजवळचा विषय, त्यावर सहायक कृषी अधिकाऱ्याने कशाला लिहायचे, असे कोणी म्हणेल. पण खाडीकाठच्या गावांत फिरताना दिसते ते असे, की चुलीजवळ बिघडलेली निघते ती कोळंबी आधी बांधावरच बिघडलेली असते.

कोळंबीचे पोट तिच्या डोक्यात. ती मेली की तिथले पाचकरस तिचेच मांस खायला लागतात. बर्फाशिवाय पाटीत राहिली की डोके सैल होते, काळे पडते. मागे एका खारजमिनीतल्या तळ्यावर मी हजर होतो. जाळे सकाळीच ओढले, बर्फाचा टेम्पो आला दुपारी! व्यापाऱ्याने पाटीत हात घातला, डोकी बघितली आणि भाव पाडला. चार महिन्यांचे खाद्य, विजेचे बिल, रात्रीची राखण, सगळे त्या अर्ध्या दिवसात गेले. व्यापाऱ्याला तरी दोष कसा द्यायचा?

तेव्हा 1 किलो कोळंबीला 1 किलो बर्फ, हे पाठ करून ठेवा. बर्फ फोडून थरावर थर द्यायचा, वर नुसती लादी ठेवून भागत नाही. आणि जाळे पाण्यात पडण्याआधी बर्फ बांधावर हवा.

आता घरचे. डोके पिळून काढावे, पायांकडून टरफल सोडवावे, पाठीवर उथळ चीर देऊन काळा धागा ओढून घ्यावा. हा धागा म्हणजे शीर नव्हे, आतडे. तळ्यातला चिखल आणि खाद्य त्यातच असते. बारीक करंदीला एवढा खटाटोप कोणी करत नाही, करूही नये. सोललेली कोळंबी पाण्यात भिजत ठेवायची सवय मात्र मोडा, चव पाण्याबरोबर जाते. भराभर धुऊन निथळावी, हळद-मीठ लावावे. नाकात जाणारा उग्र वास आला तर मसाला वाढवून काही होत नाही, सरळ टाकून द्यावी.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी थोडे बोलायचे आहे. विकायची कोळंबी सोलायला बायका बसतात त्या जमिनीवर, चिखलात. डोक्यावरचा काटा बोटात घुसतो, दिवसभर ओल्यात राहून बोटांची साले निघतात, आणि मजुरी किलोवर. एक उतरता सिमेंटचा ओटा, वर पत्रा, चांगल्या पाण्याचा नळ आणि टरफलांसाठी झाकणाचा खड्डा, एवढेच लागते. टरफले खाडीत न टाकता पालापाचोळा व माती यांच्या थरात कुजवली तर माडांना खत होते. पण तळे मत्स्य खात्याचे, बांध आमचा आणि ओटा कोणाचाच नाही, अशी गत आहे.

ग्रामपंचायतीचा पुढचा विकास आराखडा ठरेल तेव्हा हा ओटा त्यात घाला. त्या ग्रामसभेला सोलणाऱ्या बायकांना मुद्दाम बोलवा आणि ओटा किती उंच हवा, ते त्यांनाच विचारा.