बराकींचे गाव आणि शांतीचे स्मारक

नगरपालिकेच्या हाती चार पैसे आले आणि गावात एखादा मोकळा चौक उरला, की तेथे काहीतरी उभारण्याची स्फूर्ती आपल्या लोकप्रतिनिधींना होते, हा अनुभव महाराष्ट्रात सार्वत्रिक आहे. अलीकडे ह्या स्फूर्तीला विश्वशांतीचे नाव देण्याची रीत पडू लागली आहे. पृथ्वीचा एक गोल, त्यावर सिमेंटचे कबुतर, सभोवार कारंजे आणि खाली उद्घाटकांची लांबलचक नामावळी, इतके झाले म्हणजे राष्ट्राराष्ट्रांतील वैर शमविण्यास आपण हातभार लावला, असे समाधान मानण्यात येते. कबुतराशी आमचे वैर नाही. परंतु ज्या गावांच्या मातीतच महायुद्ध आणि फाळणी मुरलेली आहेत, त्यांनी शांतीचे चिन्ह बाजारातून विकत का आणावे, एवढाच आमचा प्रश्न आहे. कल्याणच्या पलीकडे एकाच लोहमार्गावर वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या गावांसंबंधाने आज जे लिहावयाचे, ते ह्याच हेतूने.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी इंग्रज सरकारने कल्याणनजीक फौजेसाठी छावणी वसविली व सैनिकांकरिता लांबच लांब बराकी बांधल्या. युद्ध संपले, फौज गेली. आणि १९४७ साली सिंधमधून घरदार, शेतीवाडी, दुकाने टाकून निघालेली कुटुंबे त्याच बराकींत येऊन पडली. जेथे लढाईवर जाणारे शिपाई निजत होते, तेथे कापडाचे आडोसे करून संसार मांडले गेले. सुमारे लाखभर माणसे ह्या रीतीने येथे स्थायिक झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. गावाला महानगरपालिका मिळून पाव शतकाहून अधिक काळ लोटला, तरी लोक आपला पत्ता अजून 'कॅम्प' आणि 'बराक नंबर' असाच सांगतात. युद्धाच्या वास्तूचे घर झाले, ह्याहून शांतीचे बोलके प्रतीक दुसरे कोणते असावयाचे?

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे. सिंध हा प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता; म्हणजे कराची आणि ठाणे एकाच कौन्सिलाच्या कायद्याखाली नांदत होती. जे सिंधी बांधव येथे आले, ते परके म्हणून आले नाहीत. अकरा वर्षांपूर्वीचे आपले इलाखाबंधूच दारी आले. उलट दिशेनेही पाहावे. सिंधच्या शिक्षणखात्यात आयुष्य वेचणाऱ्या नारायण जगन्नाथ वैद्य ह्या महाराष्ट्रीय गृहस्थाचे नाव धारण करणारी शाळा कराचीत आजही उभी आहे. पाकिस्तान झाल्यावरही तेथील लोकांनी ते नाव ठेवले. अशा वेळी सिंधी समाजाच्या येथील पहिल्या निवाऱ्याची एकही खूण जाणूनबुजून राखण्याचा विचार आपल्याला सुचू नये, हे आम्हांस शोभत नाही.

कोल्हापूरचा दाखला तर ह्याहून जवळचा आहे. शहरालगत वळिवडे येथे १९४३ ते १९४८ ह्या काळात पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. सायबेरियाच्या हद्दपारीतून, इराणमार्गे, ती बिचारी करवीर संस्थानात पोहोचली. ती गेल्यावर तीच जागा सिंधी निर्वासितांना मिळाली व तेथे गांधीनगर वसले. एकाच भूमीने दोन खंडांतल्या दोन उद्ध्वस्त समाजांना आसरा दिल्याचे असे उदाहरण विरळाच. पोलिश लोक हा उपकार विसरले नाहीत. २०१७ साली त्यांच्या राजधानीत, वॉर्सा येथे, वळिवडे-कोल्हापूरच्या नावाने स्मारक झाले. त्यावर ना गोल आहे ना कबुतर. एका खेड्याचे नाव आहे, आणि ते पुरे पडते.

आमची सूचना अशी. उल्हासनगरात ज्या थोड्या बराकी मूळ स्थितीत उरल्या असतील, त्यांपैकी एक राखून ठेवावी. ह्यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, लोकांना धड घरे मिळण्याची मारामार असता पडक्या बराकीचे कौतुक कशाला? आक्षेप खोटा नाही. इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मरतात अशा गावात दगडमातीपेक्षा जिवाची किंमत अधिक, हे सांगावयास नकोच. म्हणून कोणाच्याही राहत्या घरास हात न लावता, मालकाच्या संमतीने व योग्य मोबदला देऊनच हे व्हावे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंच्या जतनाची तरतूद विकास आराखड्यात करता येते. तेव्हा कायद्याची अडचण पुढे करण्यास जागा नाही. त्याच १९६६ साली हिरोशिमाच्या नगरसभेने अणुबाँबने भाजलेल्या घुमटाची वास्तू कायम राखण्याचा ठराव केला. तेथेही वाद झालाच होता. ती पाहून जखम भळभळते, पाडून टाका, असे म्हणणारे नागरिक थोडे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. फाळणीची आठवण जागविली म्हणजे द्वेषच जागा होईल, असे काही सज्जनांना वाटते. ते भय स्मारकाचे नव्हे, स्मारकावरील मजकुराचे आहे. सिंधमधून कोण आले हे लिहिताना, ह्याच मुंबई इलाख्यातून कराचीकडे कोण निघून गेले हेही त्याच शिलेवर लिहिण्याचे धैर्य दाखवावे. एका बाजूचेच अश्रू मोजणारी शिला पुढच्या भांडणाचा दस्तऐवज होते. आम्ही राष्ट्रवादी आहो. अंबरनाथेत देशाच्या संरक्षणाचे शस्त्रसाहित्य तयार होते, त्याबद्दल आम्हांस संकोच नाही. पण तोफगोळा घडविणाऱ्या गावाने तो कशासाठी घडवावा लागतो, ह्याचेही भान ठेवावयास नको काय?

त्याच अंबरनाथेत वालधुनीच्या काठी शिलाहारांचे शिवालय आहे. तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा. शिलाहारांचे राज्य गेले, त्यांच्या लढाया कोणास आठवत नाहीत, देऊळ मात्र उभे आहे. आणि भोवतीच्या नदीचा कारखान्यांच्या सांडपाण्याने आपण नाला करून टाकला आहे. हीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहते. शांतिस्तंभासाठी पैसा असेल तर त्यातला मोठा हिस्सा आधी ह्या पाण्यावर खर्च व्हावा.

बदलापूरचे स्मरण वेगळ्या कारणाने होते. महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहास दोन महिनेही झाले नव्हते, तोच १९२७ च्या मे महिन्यात बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांना देण्यात आले. ज्या काळी पाण्याला शिवल्याबद्दल डोकी फुटत होती, त्या काळी एका गावाने हे केले! आळीआळीत शिवाशिव पाळणाऱ्यांनी राष्ट्राराष्ट्रांत सख्य मागावे, ह्यातली विसंगती तेव्हाच्या बदलापूरकरांना कळली असावी. आज त्या गावात रोज नवे लोक राहावयास येतात. त्यांतील किती जणांना हे ठाऊक आहे? स्टेशनाजवळ एक साधा फलक लावण्यास फारसा खर्च येऊ नये.

आता उल्हासनगरच्या बराकीविषयी एवढेच. शिला मराठीत असावी, आणि सिंधीतही. सिंधी मजकूर देवनागरी व अरबी अशा दोन्ही लिप्यांत असावा, म्हणजे सरहद्दीपलीकडून कोणी आला तर त्यालाही तो वाचता येईल. खर्च वर्गणीतून व्हावा, आणि येत्या ८ ऑगस्टपूर्वी निदान जागा तरी ठरावी. उद्घाटकाचे नाव मात्र त्यावर नको. तेवढ्या जागेत बराकीचा मूळ क्रमांक लिहावा.