चाळीसची पाटी, शंभरचा रस्ता

शंभरच्या रस्त्यावर अचानक ४० ची गोल पाटी दिसली की तुम्ही काय करता? खरं खरं सांगा. पाय ब्रेकवर जातो, की नजर कॅमेरा शोधायला लागते?

आमच्या ग्रुपमध्ये यावर एकमत आहे. पाटी चुकीची आहे! सरकारने चौपदरी रस्ता करायचा, आपण टोल भरायचा, गाडी सहा एअरबॅगवाली घ्यायची आणि मग बैलगाडीच्या स्पीडने जायचं? काय राव! आणि चुकून ५५ ला गेलो तर मोबाईलवर चलानचा एसएमएस. हलक्या गाडीला केंद्राच्या कायद्यात १००० ते २००० रुपये दंड आहे. एवढ्यात दोघांचा मल्टिप्लेक्स आणि पॉपकॉर्न आरामात निघतात.

या एकमताला तडा गेला तो तेरखेड्याला जाताना.

तेरखेडा माझ्या आत्याचं गाव. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका, सोलापूर-धुळे महामार्गावरचं. पूर्वी याचा नंबर २११ होता, आता ५२ आहे. पुण्याहून टेंभुर्णी, बार्शी करत येरमाळ्याला बाहेर पडायचं आणि बीडच्या दिशेने वळायचं. फटाक्यांसाठी हे गाव अख्ख्या मराठवाड्यात फेमस आहे. दिवाळीआधी लांबलांबहून गाड्या येतात. आमच्या ग्रुपमधल्या एका आयटीवाल्या मित्रालाही फटाके घ्यायचे होते, म्हणून गाडी त्याची आणि रस्ता सांगायला मी.

येडशीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा साधारण १८९ किलोमीटरचा पट्टा गेल्या दशकात चौपदरी झाला. रस्ता म्हणजे एकदम मक्खन! मधे दुभाजक, दोन्हीकडे शेतं, क्षितिजापर्यंत सरळ डांबर. अशा रस्त्यावर प्रत्येक गाव जवळ आलं की वेग कमी करा म्हणणाऱ्या पाट्या, आणि प्रत्येक पाटीला मित्राचं भाषण. त्याचे मुद्दे तीन होते. सगळे याच्या दुप्पट वेगाने जातात, म्हणजे मर्यादाच चुकीची. दोन, वेळ फुकट जातो. तीन, आजच्या गाड्या जागच्या जागी थांबतात.

संध्याकाळी ओसरीवर चहा पिताना त्याने हेच आत्याला ऐकवलं. आत्याचं शेत महामार्गाच्या पलीकडे आहे. ती एवढंच म्हणाली, "बाबा, गाडी लय लांब दिसती. अन् पाय उचलला की अंगावर येती."

आत्याचं गणित मी नंतर कागदावर मांडून बघितलं. तुम्हीही बघा.

चौपदरी रस्त्याच्या एका बाजूला दोन लेन. एक लेन साडेतीन मीटरची, म्हणजे दुभाजकापर्यंत ७ मीटर. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली साठीतली बाई सेकंदाला एक मीटर चालते असं धरू. तिला ७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात १०० ने येणारी कार १९४ मीटर पुढे आलेली असते. ४० ने येणारी फक्त ७८ मीटर. म्हणजे पाऊल टाकताना जी गाडी "लय लांब" होती, ती शंभरवाली असेल तर अर्ध्या रस्त्यातच गाठते. आणि दुभाजकापाशी पोचली की आत्याला हेच दुसऱ्या बाजूला पुन्हा करायचं असतं.

आता थांबण्याचं बघू. इंडियन रोड्स काँग्रेस ही आपल्याकडे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था. तिच्या हिशेबात ड्रायव्हरला काहीतरी दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद धरतात. तेवढं धरून ४० च्या वेगाला थांबायला ४५ मीटर लागतात, ६० ला ८० मीटर आणि १०० ला १८० मीटर. शंभरला तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी जवळजवळ ७० मीटर गेलेली असते. तुमचं एबीएस कितीही भारी असो, ते पाय ब्रेकवर पडल्यानंतर कामाला लागतं. आधीचे अडीच सेकंद तुमचे आणि तुमच्या व्हॉट्सॲपचे! एअरबॅग तर आतल्या माणसासाठी असते. आत्याला एअरबॅग नाही.

मुद्दा क्रमांक दोन, वेळ. गावाजवळचा पट्टा समजा २ किलोमीटरचा आहे. १०० ने तो ७२ सेकंदांत संपतो, ४० ने १८० सेकंदांत. फरक १ मिनिट ४८ सेकंद. पुण्यात विद्यापीठ चौकात किंवा हिंजवडीला वळताना आपण याहून जास्त वेळ रेडिओ ऐकत उभे असतो आणि कोणाला शिवीसुद्धा देत नाही. बरं, शिवी देतो. पण नोकरी सोडत नाही.

राहिला पहिला मुद्दा, आणि तो मात्र खरंच दमदार आहे. सगळे ८०-९० ने जात असतील तर ४० ला अर्थ काय? गंमत म्हणजे ट्रॅफिक इंजिनिअरांकडेही असाच एक जुना फंडा आहे. मोकळ्या रस्त्यावर गाड्यांचे वेग मोजायचे आणि १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, तिथे मर्यादा ठेवायची. यामागचा विचार असा की बहुतेक लोक शहाणे असतात आणि रस्ता बघून वेग ठरवतात. पण यात मोजतात कोणाला? गाड्यांना. कडेला भारा घेऊन उभी असलेली बाई, शाळेतून सुटलेली पोरं, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली, नवरात्रात तुळजापूरला चालत निघालेले भाविक, यांना कोणीच विचारत नाही. मतदान फक्त काचेच्या आतल्यांचं आणि निकाल सगळ्यांना लागू!

तेरखेड्यात हा मुद्दा समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. तिथे फटाक्यांच्या कारखान्यात एका शेडपासून दुसऱ्या शेडपर्यंत किती अंतर हवं, एका वेळी किती माल आणि किती माणसं आत हवीत, याचे नियम ठरलेले आहेत. रोज बघणाऱ्याला ते अंतर फुकट गेलेली जागाच वाटेल. पण ते नेहमीच्या दिवसासाठी नसतं. ते त्या एका दिवसासाठी असतं, जेव्हा एक शेड उडते आणि दुसरी वाचायला हवी असते. वेगमर्यादेचंही तसंच आहे. ९९ वेळा रस्ता मोकळा असतो आणि पाटी मूर्खासारखी दिसते. पाटी असते ती शंभराव्या वेळेसाठी.

आणि ही शंभरावी वेळ आपल्या देशात रोज येते. २०२२ मध्ये भारतात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली ७१ टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या अपघातांत, असं केंद्राचाच अहवाल सांगतो. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४.

मग मित्र पूर्ण चूक? नाही. इथे मला त्याची बाजू घ्यायचीय.

कारण आपल्याकडच्या पाट्या खोटंही बोलतात. काम संपून सहा महिने झाले तरी डायव्हर्जनची २० ची पाटी तशीच. गाव मागे पडलं, तरी मर्यादा संपल्याची पाटी कुठेच नाही. कुठे १०० वरून थेट ४०, मधे ८० नाही की ६० नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर मर्यादा कमी करता येते, पण त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि जागेवर पाटी लागते. महिन्याभराच्या आतल्या निर्बंधाला तेवढी राजपत्राची सूट आहे. आता सांगा, रस्त्याच्या कडेची गंजलेली पाटी यातली कुठली, हे आपल्याला कसं कळणार? वरच्या आकड्यांवरही वाद आहेच. केंद्राने २०१८ मध्ये दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर कारला १००, ट्रकला आणि बाइकला ८० अशी कमाल मर्यादा ठरवली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली होती.

चार खोट्या पाट्या बघितल्या की माणूस पाचव्या खऱ्या पाटीवरही विश्वास ठेवत नाही. आणि पाचवी नेमकी आत्याच्या शेताजवळची असते. म्हणून उगाच लावलेली कमी मर्यादा ही मला निव्वळ कटकट वाटत नाही, ती धोकादायक वाटते. ती खऱ्या पाटीची किंमत घालवते.

दुसरी गोष्ट, नुसत्या आकड्याने वेग कमी होत नाही. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता ओरडून सांगत असतो, "दाब!" पाटी बिचारी हळूच म्हणते, "नको." जिंकणार कोण? पुण्यातल्या मंडळींना नवले पूल सांगायला नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे एकाच अपघातात ८ जण गेले आणि त्यानंतर वेगमर्यादा आणखी खाली आणली गेली. पण कात्रजच्या बोगद्यापासूनचा तो उतार तसाच आहे. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रलवर सोडलेल्या ट्रकला पाटीवर किती लिहिलंय याने काय फरक पडतो?

उलट उदाहरण समृद्धी महामार्गाचं. तिथे कारला १२०. कारण तो त्यासाठीच बांधलाय. रस्ता ओलांडणारं गाव नाही, बाइकला, रिक्षाला परवानगी नाही. अपघात तिथेही होतात, पण १२० या आकड्यामागे निदान रस्ता उभा आहे. आपल्या जुन्या महामार्गांचा घोळ हा की ते चौपदरी झाले तरी गावांच्या आयुष्यातून बाहेर पडले नाहीत. शेत या बाजूला, विहीर त्या बाजूला. शाळा इकडे, एसटीचा थांबा तिकडे.

म्हणून माझं उत्तर असं. गावाला लागून, माणसं जिथे ओलांडतात तिथे ४० ही मर्यादा कमी नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पायी माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथे ३० म्हणते. पण ती ४० मोजक्या पट्ट्यातच हवी. आधी ८०, मग ६० असं पायरीपायरीने खाली आणा. रंबलर टाका, दिवे लावा, सर्व्हिस रोड जोडून द्या आणि शक्य तिथे भुयारी मार्ग करा, म्हणजे आत्याला रस्ता ओलांडावाच लागणार नाही. आणि गाव संपल्याची पाटी न विसरता लावा. ज्या दिवशी भुयारी मार्ग होईल, त्या दिवशी खुशाल १०० करा, पहिली टाळी माझी!

तोपर्यंत आपण काय करायचं? कुठे काम संपून गेलेली, विसरलेली पाटी दिसली तर राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हा नंबर आहे, शेजारी बसलेल्याला फोन लावायला सांगा. खोटी पाटी निघू दे. आणि खरी दिसली, बाजूला घरं, टपऱ्या, सायकली दिसल्या, तर मुकाट्याने पाय उचला.

१ मिनिट ४८ सेकंद. एक गाणंसुद्धा पूर्ण होत नाही तेवढ्यात.