लाल मातीतले लोखंड

सुरतेच्या डिंडोलीत, बांधकामासाठी आणलेल्या तापीच्या वाळूत आम्ही मुले लोहचुंबक फिरवीत असू. काळे कण लगेच चिकटत, ते मॅग्नेटाइट. रेडीचे लाल खनिज मात्र चुंबकाला दाद देत नाही, कारण त्यात मुख्यतः हेमॅटाइट असते. तेच कोळशाच्या वायूत सुमारे 600 अंशांवर भाजले, की थोडा ऑक्सिजन निघून जाऊन हेमॅटाइटचे मॅग्नेटाइट होते. मग दळून चुंबकाने लोखंड वेचता येते. गाळ मागे राहतो. ऑक्सिजन प्रमाणाबाहेर गेला, तर विस्टाइट होऊन चुंबकगुण हरपतो. गोव्यात हलक्या खनिजाचे ढीग पडून आहेत. भाजणीला इंधन लागते, खर्च येतो, हे खरे. तरीही नवा डोंगर फोडण्याआधी जुना ढीग भाजून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.