खिडकीतला कप

दर रविवारी विहारात आपण पंचशील म्हणतो. मीही म्हणतो. परवा घरी आलो, तेव्हा जिना झाडणाऱ्या मावशी उंबऱ्याबाहेर बसून चहा पीत होत्या. त्यांचा कान तुटलेला कप आमच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. इतकी वर्षे तो तिथेच होता. मला त्या दिवशी दिसला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यांच्याच तसबिरीसमोर माझ्या घरात वेगळा कप!

ज्याने सोसले तो आपोआप न्यायी होतो, असे नाही. जातिव्यवस्था ही श्रेणीबद्ध विषमता आहे, असे बाबासाहेब सांगत. तिथे प्रत्येकाला आपल्या खालचा कोणी तरी सापडतो. पण हा माणसाचा जन्मस्वभाव नाही, लागलेली सवय आहे. ती मोडता येते. म्हणून तर प्रत्येक शीलाला 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याचा धडा. आम्ही धडा पाठ केला, गिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींना आत बोलावले. आमच्याच कपात चहा दिला. त्या खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या. मान मात्र माझी खाली होती.

बंधू-भगिनींनो, आपापल्या घरची खिडकी एकदा पाहावी.

जयभीम!